धावेपासून डेसिबलपर्यंत : वाहनांचा आवाज व टायर ह्यांचे आंतरराष्ट्रीय नियमन आणि गोंदिया जिल्हा

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत. एक अर्जुनी-मोरगाव, दुसरे सडक-अर्जुनी. पहिल्यास शेजारच्या गावाने वेगळी ओळख दिली, दुसऱ्यास रस्त्याने. गोंदिया शहराची भरभराट रेल्वेमुळे झाली. सडक-अर्जुनी मात्र नावानिशी सडकेचे राहिले. ही सडक म्हणजे नागपूरहून भंडाऱ्यावरून रायपूरकडे जाणारा, मध्यप्रांताच्या जुन्या कागदपत्रांत ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून नोंदलेला मार्ग होय. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला, २०१० च्या फेरक्रमांकनानंतर क्रमांक ५३ झाला. आणि आशियाई महामार्गांच्या जाळ्यात त्यास ए एच ४६ अशी संज्ञा मिळाली. चार नावांपैकी लोकांच्या तोंडी बसले आणि गावाला चिकटले ते एकच, आणि तेही सर्वांत साधे.

आशियाई महामार्गांविषयीचा आंतरशासकीय करार २००४ च्या एप्रिलमध्ये शांघाय येथे सह्यांसाठी खुला झाला व ४ जुलै २००५ रोजी अमलात आला. त्याच्या परिशिष्टांत मार्गांची यादी, रस्त्यांची प्रतवारी व आखणीची मानके आणि मार्गचिन्हे ह्यांचा विचार आहे. म्हणजे कोहमारा, सडक-अर्जुनी, देवरी ह्या गावांवरून जाणाऱ्या डांबरी पट्टीची रुंदी किती असावी, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या एका दस्तऐवजाशी जोडलेला आहे. ह्या पट्टीवरून धावणारे वाहन किती आवाज करील व त्याचे टायर ओल्या रस्त्यास किती धरून राहील, हा मात्र त्या कराराचा विषय नव्हे. तो जिनीव्हा येथील एका निराळ्याच मंडळाकडे आहे आणि त्याचा इतिहासही निराळा, अधिक जुना आहे. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा मागोवा घेताना एकच प्रश्न पुढे ठेवला आहे : आवाजाचा नियम करताना नियमकर्त्यांनी तो कोणाच्या कानासाठी केला? नियमाची भाषा तपासली असता हा ऐकणारा काळोकाळ बदलत गेला असे दिसून येते, आणि त्या बदलाचे परिणाम पूर्व विदर्भातील ह्या रस्त्यावर आजही भोगावे लागतात.

आरंभ चाकापासूनच केला पाहिजे. मराठीत टायर ह्या वस्तूस पूर्वापार शब्द आहे, तो म्हणजे ‘धाव’. तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले पुठे आणि ह्या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी पट्टी, ती धाव. मोल्सवर्थच्या कोशातही धावेचा हा अर्थ नोंदलेला आहे. धावणे ह्या क्रियापदापासून वस्तूचे नाव सिद्ध व्हावे, हे लक्षणीय आहे. चाकाच्या ज्या भागाचा जमिनीशी संबंध येतो त्यास भाषेने गतीचेच नाव दिले. लोहार ती पट्टी भट्टीत लाल करी, तापल्याने पसरलेली असतानाच चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. थंड होताना ती आकसे व लाकडी चाक जखडून टाकी. झाडीपट्टीत बैलगाडीस बंडी म्हणतात. हलक्या गाड्यांस रेंगी, छकडा, दमणी अशी नावे विदर्भात आढळतात. ह्या सर्वांची धाव लोखंडीच असे. मऊ मातीच्या गाडवाटेवर तिचा आवाज फारसा होत नसे, ऐकू येई ती आसाची कुरकूर, आणि तीही वंगण संपल्यावर. खडीच्या पक्क्या सडकेवर गाडी चढली म्हणजे मात्र लोखंड व दगड ह्यांचा सामना होई. खडखडाट तर होईच, शिवाय खडी फुटे व चाकोऱ्या पडत.

शासनाचे लक्ष गेले ते ह्या दुसऱ्या परिणामाकडे. मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीने १९२८ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यातून १९२९ चा केंद्रीय रस्तेनिधी आणि १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. १९४३ साली देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरास भरली व राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंतची जी उतरंड आज सर्वांच्या परिचयाची आहे ती ‘नागपूर योजना’ ह्या नावाने पुढे आली. त्या काळच्या रस्तेविषयक चर्चांत लोखंडी धावेची गाडी ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असे. परंतु तिच्यावरील आरोप रस्ता खाण्याचा होता, कान खाण्याचा नव्हे. उपाय म्हणून हवेच्या रबरी टायरांची बैलगाडी पुढे करण्यात आली. डनलप कंपनीचा बंगालमधील साहागंज येथील कारखाना १९३६ साली सुरू झाला आणि कालांतराने मराठी मुलखात रबरी चाकांच्या गाडीस कंपनीचेच नाव पडले. ‘डनलप’ म्हटले की टायर नव्हे तर संपूर्ण गाडी डोळ्यांपुढे उभी राहते, हा अर्थविस्तार भाषाभ्यासकांनी टिपण्याजोगा आहे. धाव हा शब्द मात्र रबरावर चढला नाही. लोखंड गेले तसा तोही मागे पडला आणि त्याची जागा ‘टायर’ ह्या परक्या शब्दाने घेतली. एकच कार्य करणाऱ्या दोन वस्तूंना भाषेने एक नाव दिले नाही, कारण गाडीवानाच्या अनुभवात त्या एक नव्हत्याच.

आता आंतरराष्ट्रीय बाजूकडे वळावे. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीविषयीचा पहिला करार पॅरिस येथे ११ ऑक्टोबर १९०९ रोजी झाला. वाहन कसे असावे ह्याविषयी त्यात ज्या अटी आहेत त्यांत आग व स्फोट ह्यांच्या धोक्याबरोबरच आवाजाचाही उल्लेख येतो. वाहनाने आपल्या आवाजाने स्वारीच्या वा ओढकामाच्या जनावरांस घाबरवू नये, अशा आशयाची ती अट आहे. वाटसरूंस धुराचा वा वाफेचा गंभीर उपद्रव होऊ नये, असेही तेथे म्हटले आहे. परंतु आवाजाच्या संदर्भात नाव आहे ते जनावराचे. ह्याचे कारण उघड आहे. १९०९ साली रस्ता जनावरांचा होता व मोटार ही त्यावर आलेली पाहुणी होती. मराठीत ह्या अटीचे भाषांतर करू जाता एक नेमके क्रियापद हाती येते : बैल ‘बुजतो’. माणूस घाबरतो, दचकतो, भितो. बुजणे हे मुख्यतः जनावराचे. बुजलेला बैल जू टाकतो, वाटेबाहेर पळतो, गाडी उलटवितो. म्हणजे आवाज हा येथे केवळ उपद्रव नसून अपघाताचे कारण मानला गेला आहे. आवाज किती असावा ह्याचे माप करारात नाही. त्याचा परिणाम कोणावर होऊ नये एवढेच सांगितले आहे. मापापेक्षा परिणाम सांगणारा हा नियम अशास्त्रीय वाटेल, पण त्यात ऐकणारा कोण हे स्पष्ट होते. पुढील शतकात माप आले आणि ऐकणारा दिसेनासा झाला.

भारतात १९१४ चा व त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. १९३९ च्या कायद्यान्वये वाहनांच्या बांधणीविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे होता; तेव्हा आजच्या गोंदिया जिल्ह्याचा प्रदेश मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली तो मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. १९८८ च्या कायद्याने बांधणीविषयक नियमांचा अधिकार केंद्र सरकारकडे दिला. त्यातील ११० व्या कलमात टायरांचा आकार, प्रकार व स्थिती हा विषय आणि वाहनातून निघणारा किंवा वाहनामुळे होणारा आवाज कमी करणे हा विषय एकाच यादीत बसलेले आहेत. त्यांचा परस्परसंबंध आहे, हे मात्र त्या वेळी कोणाच्या फारसे ध्यानी आले नसावे. आवाज म्हणजे भोंगा आणि सायलेन्सर, टायर म्हणजे सुरक्षितता, अशी सरळ वाटणी होती. १९८९ च्या केंद्रीय नियमांत ही वाटणी तशीच उतरली : ९४ वा नियम टायरच्या नक्षीची खोली सांगतो, मोटारी व ट्रक ह्यांस किमान १.६ मिलिमीटर, दुचाकी व तीनचाकीस ०.८ मिलिमीटर, ११९ वा भोंग्याचा, १२० वा सायलेन्सरचा.

जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाखाली वाहनांच्या बांधणीविषयी एक कार्यकारी मंडळ १९५२ साली स्थापन झाले. २० मार्च १९५८ च्या करारास ह्याच मंडळाच्या कामातून आकार आला. कराराचे मर्म असे की, एका देशाने तपासून मंजूर केलेला वाहनाचा भाग दुसऱ्या सदस्य देशाने पुन्हा न तपासता स्वीकारावा. हेतू मुख्यतः व्यापाराचा होता, आणि तो लपविण्याचे कारणही नव्हते; युद्धोत्तर यूरोपात दर सीमेवर मोटारीचे दिवे नव्याने तपासणे परवडणारे नव्हते. परंतु परस्परांची तपासणी मान्य करावयाची तर तपासणीची पद्धत सर्वत्र तीच हवी, आणि पद्धत तीच हवी तर जनावराचा कान उपयोगी नाही. तेथे यंत्रच हवे.

ते यंत्र व त्याची मांडणी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १९६४ च्या आर ३६२ ह्या शिफारशीत आढळते. वाहनाच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर अंतरावर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर, दोन्ही बाजूंस मायक्रोफोन ठेवावयाचा. वाहनाने ठरलेल्या वेगाने येऊन वीस मीटरच्या पट्ट्यात शिरताच पूर्ण दाब देऊन गती वाढवावयाची. ह्या अवधीत मिळालेला सर्वोच्च आकडा तो त्या वाहनाचा आवाज. संयुक्त राष्ट्रांचा वाहनाच्या आवाजाविषयीचा ९ वा विनियम १९६९ साली अमलात आला, मोटारसायकलींचा ४१ वा १९८० साली व चारचाकी वाहनांचा ५१ वा १९८२ साली. सर्वांचा पाया हीच मांडणी. जनावराच्या जागी आता साडेसात मीटरवरचा एक खांब उभा राहिला. तो बुजत नाही, झोपत नाही, आणि आठव्या मीटरवर काय आहे हे त्यास ठाऊक नसते.

ह्या पद्धतीचा गुण असा की तिच्यामुळे मर्यादा खाली आणता आल्या. यूरोपीय आर्थिक समुदायाच्या १९७० च्या निर्देशात मोटारीस ८२ डेसिबल व सर्वांत अवजड, शक्तिमान मालमोटारीस ९१ डेसिबल इतकी मुभा होती. १९९२ च्या निर्देशाने हेच आकडे ७४ व ८० वर आणले. डेसिबलची गणना घातांकी असल्यामुळे ९१ वरून ८० म्हणजे आवाजाची ऊर्जा बाराव्या हिश्शाहूनही कमी. कागदावर हे यश असामान्य होते. रस्त्याकाठच्या घरांत मात्र त्या प्रमाणात शांतता आली नाही, आणि ह्या विसंगतीचा उलगडा करण्यात यूरोपातील अभियंत्यांची बरीच वर्षे गेली. वाहनांची संख्या वाढली, हे एक कारण होते. वाहने दुप्पट झाली की आवाज तीन डेसिबलने चढतो. खरे कारण मात्र पद्धतीतच दडलेले होते. पूर्ण दाब देऊन कमी वेगात गती वाढविणाऱ्या वाहनात ऐकू येते ते मुख्यतः इंजिन व धुराड्याची नळी. कारखानदारांनी त्यांस गप्प केले. पण रस्त्यावर वाहन पूर्ण दाबाने क्वचितच चालते. ते एका वेगाने चालत राहते, आणि मोटारीचा वेग ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर गेला की इंजिनाहून टायरचा आवाज मोठा होतो. अवजड वाहनांत हे थोड्या अधिक वेगावर घडते, इतकेच. म्हणजे ज्याची परीक्षा झाली ते निर्दोष ठरले आणि ज्यास परीक्षेस बसविलेच नाही ते गोंगाट करीत राहिले.

टायर आवाज कसा करते हे थोडक्यात सांगितले पाहिजे. नक्षीचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात, त्या कंपनाने टायरच्या बाजू ढोलाच्या चामड्याप्रमाणे थरथरतात. नक्षीच्या खाचांत सापडलेली हवा दाबली जाऊन बाहेर फेकली जाते व मागच्या बाजूस तितक्याच घाईने आत शोषली जाते. रबर रस्त्यास चिकटते आणि सुटते. टायर व रस्ता ह्यांच्यामधली पाचरीसारखी पोकळी ह्या आवाजांस कर्ण्यासारखी मोठे करते. ह्यांतील प्रत्येक गोष्टीत निम्मा वाटा रस्त्याचा आहे. म्हणून कसोटीच्या धावपट्टीचा पृष्ठभाग कसा असावा ह्याचे स्वतंत्र मानक, आय एस ओ १०८४४, १९९४ साली करावे लागले. लोखंडी धावेच्या गाडीकडून एकच अपेक्षा असे, ती टिकावी. रबरी टायरकडून मात्र परस्परविरोधी अपेक्षा आहेत : ओल्या रस्त्यास घट्ट धरावे पण सहज लोटावे, नक्षी खोल असावी पण आवाज नसावा, रबर मऊ असावे पण झिजू नये. एक गुण वाढविताना दुसरा उणा होतो. म्हणूनच आवाजाची मर्यादा एकटी घातली असती तर कारखानदाराने गुळगुळीत टायर देऊन ती पाळली असती, आणि पावसात माणसे मेली असती.

ह्या जाणिवेतून ११७ वा विनियम सिद्ध झाला. २००५ साली तो आला तेव्हा भर लोटण्याच्या आवाजावर होता. पुढील दुरुस्त्यांत ओल्या रस्त्यावरील पकड व लोटण्यास होणारा विरोध हे तीनही गुण त्यात एकत्र आले. येथे इंजिन बंद करून वाहन केवळ वेगाच्या जोरावर मायक्रोफोनांमधून सोडतात, मोटारीच्या टायरांस ताशी ८० किलोमीटर व अवजड वाहनांच्या टायरांस ७० हा संदर्भवेग धरून. मोटारीच्या टायरांसाठी दुसऱ्या टप्प्यातील मर्यादा रुंदीप्रमाणे ७० ते ७४ डेसिबल आहे. ओली पकड मोजताना धावपट्टीवर सुमारे एक मिलिमीटर पाण्याचा थर राखतात व एका प्रमाणित टायरशी तुलना करतात. टायरचा विषय पूर्वी ब्रेकविषयक गटाकडे असे. तो पुढे आवाजाच्या गटाकडे सोपविण्यात आला आणि २०१९ पासून ‘आवाज व टायर’ ह्या जोडनावाचा एकच गट जिनीव्हात बसतो. १९८८ च्या भारतीय कायद्याच्या यादीत जे एकत्र बसले होते त्यांची सोयरीक जमावयास तीन दशके लागली.

भारत १९५८ च्या कराराचा सदस्य नाही. १९९८ चा जो दुसरा करार, ज्यात परस्परमान्यतेची अट नसून केवळ जागतिक तांत्रिक विनियम तयार करण्यात सहभाग असतो, त्यात भारत २००६ साली सामील झाला. ह्याचा अर्थ भारताने विनियम घेतले नाहीत असा मात्र नव्हे. १९९० साली पर्यावरण संरक्षण नियमांखाली वाहनांच्या आवाजाची जी सारणी प्रसिद्ध झाली तीत मोटारीस ८२ व बारा टनांहून जड मालमोटारीस ९१ डेसिबल अशी मर्यादा होती. म्हणजे यूरोपच्या १९७० च्या सारणीची दोन टोके वीस वर्षांनी जशीच्या तशी. २००३ व २००५ साली मर्यादा कडक झाल्या तेव्हा मोटारीस ७४ आणि सर्वांत शक्तिमान ट्रकांस ८० हे आकडे आले. तेही यूरोपातले, सुमारे दहा वर्षांच्या अंतराने. मायक्रोफोनचे अंतर तेच, साडेसात मीटर. करारावर सही नाही, पण आकडे सहीविनाच सीमा ओलांडून आले. शब्दांची उसनवारीही नेमकी अशीच होते. टायरांच्या बाबतीत अंतर आणखी कमी झाले. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था ज्या समितीचे सचिवालय सांभाळते, त्या समितीने ए आय एस १४२ हे मानक ११७ व्या विनियमाच्या धर्तीवर तयार केले. केंद्रीय नियमांतील ९५ व्या नियमात २०२२ साली दुरुस्ती होऊन १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या घडणीच्या टायरांस ते लागू झाले, व जुन्या घडणीच्या टायरांस २०२३ सालात.

ह्या साऱ्याचा सडक-अर्जुनीशी संबंध काय, असे कोणी विचारील. कसोटी होते ती नव्या टायरची, नव्या वाहनाची, मानकाप्रमाणे घडविलेल्या धावपट्टीवर. महामार्गावरून रात्री छत्तीसगडकडे जाणारा भरलेला ट्रक नवा नसतो, त्याची टायरे सारखी झिजलेली नसतात, रस्त्यावरची खडी कसोटीच्या खडीहून भरड असते, आणि पुलाच्या सांध्यावर चाक आपटले म्हणजे जो आवाज होतो त्यास कोणत्याही विनियमात रकाना नाही. येथे १.६ मिलिमीटरच्या नियमाचे महत्त्व पकडीच्या दृष्टीने अधिक आहे. पूर्व विदर्भाचा पाऊस पश्चिम विदर्भापेक्षा जास्त. धानाच्या हंगामात बांधीतला चिखल ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर सडकेवर येतो. एक मिलिमीटर स्वच्छ पाण्याच्या थरावर उत्तीर्ण झालेले टायर चिखलाच्या पातळ लेपावर कसे वागेल, हे कसोटी सांगत नाही. त्यातच चिखलणीसाठी ट्रॅक्टरास लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात आणि ती तशीच लावून ट्रॅक्टर डांबरी रस्त्याने एका बांधीतून दुसऱ्या बांधीकडे नेले जातात. रस्ता उखडतो, तक्रारी होतात. १९३० च्या सुमारास अभियंते ज्या लोखंडी धावेवर रुष्ट होते ती इंजिनाच्या बळासह परतली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र आता तिला धाव म्हणणारे फारसे कोणी उरले नाहीत.

गावकऱ्यांच्या कानांसाठी कायदा आहे. १४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रास दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. येथे ऐकणारा पुन्हा माणूस आहे, पण आवाज करणारा अनामिक. एकेक ट्रक स्वतःच्या मर्यादेत राहूनही साऱ्यांचा मिळून आवाज घराच्या मर्यादेबाहेर जातो आणि दोष कोणाचाच ठरत नाही. वाहनाचा नियम मंत्रालय पाहते, टायरचा कारखाना व कसोटी-संस्था, रस्त्याचा प्राधिकरण, रात्रीच्या शांततेचा पोलीस व प्रदूषण नियंत्रण मंडळ. घराची भिंत मात्र एकच असते.

आणि रस्त्याकाठी केवळ घरे नाहीत. नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा अभयारण्य व लगतची अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ साली जाहीर झाला. त्याचे नागझिऱ्याकडील वन आणि नवेगावकडील वन ह्यांच्यामधून महामार्ग ५३ जातो. श्वापदांना एकीकडून दुसरीकडे जावयाचे तर तो ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. २००० च्या नियमांत औद्योगिक, व्यापारी, निवासी व शांतता अशी चार क्षेत्रे आहेत. शांतता क्षेत्राच्या मूळ व्याख्येत रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये ह्यांचा निर्देश आहे. अरण्याचा नावाने नाही. सक्षम अधिकाऱ्याने जाहीर केलेले अन्य क्षेत्र, ह्या मोघम शब्दांतच त्याला जागा शोधावी लागते. कालिदासाच्या रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीपाच्या रथाच्या चाकांचा नाद ऐकून मोर माना उंचावतात व केकारव करतात. त्या कवीस चाकाचा आवाज अरण्यात मिसळणारा वाटला. आजच्या महामार्गाविषयी असे कोणी लिहिणार नाही. उलट शेजारच्या मध्यप्रदेशात पेंचच्या अरण्यातून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर श्वापदांसाठी भुयारी वाटा काढून वर पोलादी भिंती उभ्या कराव्या लागल्या, आवाज व दिव्यांचा झोत खाली पोहोचू नये म्हणून. हा खर्च कशाचा द्योतक आहे, हे पाहिले पाहिजे. वाहन व टायर ह्यांचे नियम पाळूनही जो आवाज शिल्लक राहतो तो अरण्याला असह्य आहे, ही त्यात दिलेली कबुली आहे. १९०९ च्या पॅरिस करारातील बुजणारे जनावर शंभर वर्षांनी परत आले, फक्त ते गाडीला जुंपलेले नाही. जुंपलेल्या जनावराच्या मागे मालक होता, त्याची गाडी उलटत होती, म्हणून त्यास कराराच्या पहिल्याच अटींत स्थान मिळाले. रानगव्याची गाडी उलटत नाही. तो रस्ता ओलांडावयाचा सोडून देतो, आणि हे नुकसान कोणत्याही मायक्रोफोनवर उमटत नाही. म्हणून साडेसात मीटरच्या आकड्यात आणखी एक-दोन डेसिबलची काटछाट करण्यापेक्षा, महामार्गाच्या ह्या टप्प्यात रात्रीचा वेग व रस्त्याचा पृष्ठभाग ह्यांवर आवाजाच्या दृष्टीने विचार होणे अधिक निकडीचे आहे. दोन्ही उपाय विनियमाबाहेरचे आहेत, पण दोन्ही जिल्ह्यात राहून करता येण्याजोगे आहेत.

एक गोष्ट नोंदवावयाची राहिली. वीजेवर चालणारी वाहने आली तेव्हा जिनीव्हाच्या मंडळापुढे उलटा प्रश्न उभा राहिला. मंद वेगात ती इतकी निःशब्द असतात की पायी चालणाऱ्यास, विशेषतः अंधास, त्यांची चाहूल लागत नाही. म्हणून २०१६ च्या १३८ व्या विनियमाने अशा वाहनांस किमान आवाज सक्तीचा केला : ताशी १० किलोमीटरला ५० डेसिबल, २० ला ५६, आणि मायक्रोफोन साडेसात नव्हे तर दोन मीटरवर, म्हणजे वाटसरूच्या अंगाजवळ. भारतातही २०२५ साली मोटारी, बस व ट्रक ह्यांच्यासाठी अशा यंत्रणेचा मसुदा प्रसिद्ध झाला. गोंदियाच्या परिसरातील जुन्या गाडीवानास ही अडचण नवी वाटली नसती. मऊ फुफाट्याच्या वाटेवर वंगण घातलेली रेंगी आवाज न करता येई, म्हणून बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा बांधलेल्या असत.